कालिंदीचं नाव घेऊ नका

पडदा वर जातो. रंगमंचावर पाच खुर्च्या, पाच पुरुष, पाच शाली. साल बाहत्तर, कलकत्त्यातल्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळाचा गुढीपाडवा. आदल्या वर्षी सॉल्ट लेकला पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत सेवा केली, म्हणून हा सत्कार. मी मंडळाची जुनी नटी, म्हणून माईक माझ्या हातात.

त्या पाचांनी काय केलं? रविवारी मोटारीतून घोंगड्या नेल्या आणि फोटो काढून घेतले. कालिंदी मात्र तिथे महिनोन्‌महिने राहिली. बँकेतल्या दिगंबररावांची मुलगी, जन्म इथलाच, बंगाली आम्हा सगळ्यांपेक्षा सफाईदार. पटकीच्या रोग्यांना वाटीवाटीने मीठसाखरेचं पाणी पाजायची, त्यांची घाण धुवायची, मेलेल्यांना चादरीत गुंडाळायची. घरी आली तरी तिच्या अंगाला फिनेलचा वास यायचा.

अध्यक्ष श्यामराव विंगेत माझ्या कानाशी आले.

"नलिनीबाई, कालिंदीचं नाव घेऊ नका."

"का बरं?"

"मुलगी रात्री कुठे झोपायची, असं लोक विचारतील. पुण्याचं स्थळ चालून आलंय. तिच्या भल्यासाठीच सांगतोय."

तिची आई सरलाबाई शेजारीच उभी. "नका हो घेऊ," ती म्हणाली, "चांगल्या घरची मुलगी आहे."

माझं डोकं सणकलं. आम्हा नट्यांची नावं वाईट चालीच्या म्हणून पुसून टाकतात, हे मला ठाऊक होतं. चांगल्या चालीची राहावी म्हणूनही बाईचं नाव पुसून टाकतात, हे त्या दिवशी कळलं. फडकं तेच.

पाहुण्यांसाठी पन्ह्याचा ट्रे घेऊन कालिंदी आमच्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ट्रे तिने श्यामरावांच्या हातात दिला. मी तिला रंगमंचावर नेलं आणि माईक तिच्यापुढे धरला.

पुढे स्मरणिकेत पाचच फोटो छापले गेले. पुण्याचं स्थळ फिरकलं नाही. कालिंदीने कलकत्त्याबाहेर बजबजच्या एका दवाखान्यात नोकरी धरली आणि मंडळाची पायरी पुन्हा कधी चढली नाही. आमच्यासमोर ती शेवटचं बोलली ते त्या संध्याकाळी, शांतपणे, श्यामरावांकडे बघत:

"मी रात्री कुठे झोपायचे याची काकांना काळजी आहे. तंबूत झोपायचे, काका, आजारी माणसांच्या मध्ये. सकाळी जो जिवंत असे, तो आधी पाणी मागायचा आणि मग माझं नाव विचारायचा. ते नाव नको म्हणणारे तुम्हीच पहिले."