ए मिस्टर पाटील

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण मालकांच्या मुलीला भलत्याच माणसापुढे पोह्यांची बशी घेऊन पाठवलं, त्याला तोड नाही. आणि तेही पेन्सिलीच्या एका फराट्यानं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका चादरींच्या कारखान्यात मी नुकतीच टायपिस्ट म्हणून लागले होते. दोन वेण्या, मॅट्रिकला इंग्रजीत शाळेत पहिली, आणि नाक इतकं वर की समोरची म्हैस दिसू नये. वडिलांचं मिलमधलं काम सुटलेलं, घर माझ्या पगारावर. पण पगाराबरोबर अक्कल येत नाही. नात विचारते, "आजी, तू एवढी बावळट होतीस?" होते की!

माझ्यासमोर हेडक्लार्क बसत. बोलायच्या आधी तपकिरीची चिमूट नाकाशी नेत. सगळी कचेरी शिंकेची वाट बघत थांबे. न शिंकताच ते म्हणत, "तर मुद्दा असा." मुद्दा बहुतेक वेळा चहाचा असे. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल. आमचा जरा जास्त होता.

भेटायला आलेल्याच्या नावाची इंग्रजी चिठ्ठी मालकांना पाठवणं, हे त्यांचं राज्य. माणूस ओळखीचा असला तर नुसतं 'मिस्टर अमुक'. अनोळखी असला तर आधी 'ए' लावायचा: 'ए मिस्टर अमुक'. म्हणजे, कुणी एक अमुक आलाय, आपला नव्हे, जपून. मालकांच्या लक्षात चेहरे राहत नसत. 'ए' नसला की ते उठून मिठीच मारत, "काय पाव्हणं, आई बरी हाय न्हवं?" 'ए' असला की नुसते चष्म्यावरून बघत.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत माणसाच्या नावाआधी 'ए' लावला की बाई कान पिळत, एवढंच ठाऊक. म्हातारा चुकतोय! एके दिवशी 'ए मिस्टर पाटील' अशी चिठ्ठी आत नेताना मी वाटेत तांबड्या पेन्सिलीनं 'ए' खोडला.

त्या आठवड्यात मालक माढ्याच्या पाटलांची वाट बघत होते. होणारे व्याही, बोलणी सगळी पत्रानं, एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आले होते ते पाटील मात्र होटगीचे, राखणदाराची जागा आहे का विचारायला. खोडलेला 'ए' बघून मालकांना वाटलं, हेडक्लार्कनी खात्री करून घेतली, हेच ते.

पाटलांना हाताला धरून त्यांनी मागच्या घरात नेलं. पोहे झाले, मुलगी नाव-शिक्षण सांगून आत गेली, जेवण झालं. होटगीकरांना वाटलं, सोलापुरात नोकरी द्यायच्या आधी अशी रीत असावी. शेवटी मालकांनी हात जोडले, "मग, पसंत हाय न्हवं?"

"पोरगी लई गुणाची हाय की," ते म्हणाले, "पर रातपाळी कवा सुरू व्हती, तेवढं सांगा."

मालक कचेरीत आले ते चिठ्ठी नाचवतच. "ह्यो 'ए' कुणी खोडला? आत्ताच्या आत्ता घरी बसवतो त्याला!"

हेडक्लार्कनी माझ्या हातातल्या तांबड्या पेन्सिलीकडे पाहिलं आणि सावकाश चिमूट उचलली.

"तर मुद्दा असा. मीच खोडला. मला ते माढ्याचेच वाटले."

त्यांना घरी बसवायचं तर इंग्रजी पत्रं कोण लिहिणार? मग मालक त्यांच्या खुर्चीला खेटून उभे राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. मुलीची अब्रू, यांचं वय, यांची तपकीर, सगळं काढलं. हेडक्लार्क नंदीसारखे शांत. चिठ्ठ्यांचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. दिलं कुणाला? मला!

मालक गेल्यावर मी त्यांच्या टेबलाशी जाऊन रडायला लागले. "माझं नाव का नाही सांगितलंत?"

ते म्हणाले, "रडू नकोस, पोरी. तुझ्या पगारावर घर आहे, माझ्या पगारावर एक मांजर. शिवाय मालक उभे होते डावीकडे. त्या कानानं मला काडीचं ऐकू येत नाही. आता डोळे पूस, इकडे उजवीकडे ये, आणि ते काय काय म्हणाले ते नीट सांग. शिव्या गाळू नकोस."