मोठ्या भोकाची पीप साइट

बंदुकांच्या दुकानात भेटलेल्या एका म्हाताऱ्या बाईमुळे माझी नोकरी टिकली. नाव विचारायचं राहिलंच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नववीत शाळा सोडलेला मी ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या फार्मवर लागलो होतो. संध्याकाळी रानडुकरं कोकरं पळवायची आणि माझा नेम चुकायचा. "आता चुकलास तर दुसरा माणूस बघतो," मालक म्हणाला. म्हणून त्याची लिव्हरची, म्हणजे खालचा दांडा ओढून गोळी भरायची रायफल घेऊन मी पीप साइट घ्यायला गेलो. म्हणजे डोळ्याजवळ बसणारी भोकाची चकती; तिच्यातून नळीच्या टोकावरचा मणी बघून नेम धरायचा. भोक बारीक तेवढा नेम पक्का, असं धरून मी सर्वांत बारीक निवडली.

"मेट, डबे फोडायचेत की डुकरं मारायचीत?" शेजारून त्या म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. 'मेट' म्हणजे तिकडचं 'दोस्ता'.

तिने रायफल घेतली, लिव्हर उघडून ती रिकामी असल्याचं दोनदा पाहिलं आणि मोठ्या भोकाची साइट तिच्यावर धरली. "डोळे मीट. खांद्याला लाव. उघड."

भिंतीवरच्या कॅलेंडरातली गाय अख्खी दिसली आणि मणी बरोब्बर तिच्या खांद्यावर!

"दिसली!" मी ओरडलोच.

"आणि भोक?"

"भोक कुठंय?"

"शाब्बास! भोक बघायचं नसतं रे, भोकातून बघायचं. मणी मधोमध डोळा आपोआप आणतो."

दुकानदार तिच्याकडे बघून कुरकुरला, "ही शेवटची. तूच स्वतःसाठी ठेवायला सांगितली होतीस."

"कोकरं त्याची मरतायत. मी थांबेन," म्हणत ती हॅट घालून निघाली.

साइट बसवून नेम जुळवला आणि त्याच संध्याकाळी पळतं डुक्कर पहिल्या गोळीत आडवं झालं. मालक नुसतं "नॉट बॅड" म्हणाला. मी मात्र नाचलो.

बाई पुन्हा दिसली नाही. भेटली असती तर तिच्या रायफलीला तसलीच साइट मी स्वतःच्या हाताने बसवून दिली असती.