माझं म्हणायची लाज

तो तपास अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला आमचा एक खबऱ्या सांगून गेला, "सायेब, यंत्रमागावरचा तुटका धागा वळखणारा कॅमेरा हाय न्हवं, त्याचं सगळं काम कंपनीनं उतरवून घेतलंय. सोताच्या नावानं पेटंटला अर्जबी टाकलाय."

ते काम इथल्याच एका तरुण संशोधिकेचं. कारखानदार, एक कॉलेज आणि ही बाहेरची कंपनी यांनी मिळून इंटरनेटवर सामायिक व्यासपीठ उभारलं होतं. ज्याने त्याने आपलं संशोधन तिथे ठेवायचं. मुलीला बोलावून जबाब घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली. सरळ चोरी आहे, आरोपी लवकरच आत, अशा तोऱ्यात मी होतो.

कंपनीच्या इंजिनिअरला बोलावलं. खोटं बोलणारा माणूस विचारलं त्यापेक्षा जास्त बोलतो. हा गडी शांत. "घेतलं की साहेब. सरांना विचारूनच घेतलं."

सर म्हणजे व्यासपीठ चालवणारे प्राध्यापक. त्यांना विचारलं, हे काम कुणाचं?

"आपलंच की, साहेब."

कारखानदारही तेच म्हणाले, "सगळं आपलंच हाय की." कुणी काय घ्यायचं, अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हे काही ठरलं होतं का? प्राध्यापक दुखावले. "घरातल्या घरात करारनामा कसला करायचा?"

गुंता सुटला आणि तिथेच गुन्हा हातातून निसटला. परवानगीने घेतलेली वस्तू चोरी ठरत नाही. सरकारी वकिलांनी बाब दिवाणी स्वरूपाची असल्याचं मत दिलं. पोलिसांत गुन्हा होत नाही, दिवाणी कोर्टात दाद मागा, असं समजपत्र मी मुलीला दिलं. तिने ते वाचलं आणि खाली बघत म्हणाली, "चूक माझीबी हाय, साहेब. तुम्ही जबाब घेताना विचारलं, हे कुणाचं? मीच म्हणले, आपलं हाय. माझं म्हणायची लाज वाटली मला."

मी तिचा जबाब काढून पाहिला; 'आपलं' असंच लिहिलेलं होतं.

दिवाणी दावा लढत बसायची तिची ऐपत नव्हती. तिने संशोधन सोडलं. आता ती दहावीच्या शिकवण्या घेते, आणि इथले कारखानदार तोच कॅमेरा कंपनीकडून विकत घेतात.

माणसं चांगली असली की नियम लागत नाहीत, असं आपण समजतो. खरं तर चांगल्या माणसांनाच ते आधी लागतात. लबाड आपलं बघून घेतो. परवा एका कॉलेजात असंच नवं व्यासपीठ सुरू झालं, तिथे मी हे सांगितलं. सगळे हसले.

"साहेब, तुम्हाला सगळीकडे चोरच दिसतात."