वाटीवरची मूठ

"भात खावा तर सुमाच्या हातचा," असं नवरा चारचौघांत म्हणाला आणि माझा जळफळाट झाला. सुमा माझी धाकटी जाऊ. ती तांदूळ एका चेपलेल्या वाटीने मोजते. मागच्या महिन्यात तिच्याकडे जाताना मी पिशवीत चक्क वजनकाटा घातला आणि तिथे तिने भरलेली वाटी मी त्यावर ओतली. एकशे ऐंशी ग्रॅम.

"ताई, सोनं तोलताय का?" ती हसली. हसली तीही मनात काही नसल्यासारखी. तेही मला खुपलं.

मी आकडा घोकत होते, तेवढ्यात तिने त्या तांदळावर आणखी एक मूठ टाकली.

"ही कशाला?"

"कोणीतरी येतंच हो जेवायच्या वेळी."

आणि भाताला वाफ येईपर्यंत शेजारच्या काकू खरंच आल्या. सुमाने काही न विचारता त्यांचं पान मांडलं.

आता माझा भात अगदी तिच्यासारखा होतो. तिच्या मुठीचंही वजन मी करून आणलंय, चाळीस ग्रॅम. तेही रोज न चुकता घालते, आणि रोज सकाळी तेवढाच भात फोडणीला टाकते.