तिच्या ओठांवर माझा आवाज

दक्षिण आफ्रिकेतल्या एका टीव्ही नटीला चार वर्षं मी मराठीत बोलतं केलं. इंदिरानगरात एका बंगल्याच्या तळमजल्यावर स्टुडिओ आहे. कानाला हेडफोन, समोर पडदा. तिचे ओठ मिटले की आपलेही मिटले पाहिजेत. तिला मी कधी भेटले नाही. मुलाखतीत वाचलं तेवढंच माहीत: आधी शाळेत शिकवायची, पहिली भूमिका नर्सची, त्यात वाक्य एकच. चाळिशीनंतर नायिका झाली. मला उगाचच तिचा अभिमान वाटायचा.

माझ्या आईला मात्र या कामाचं काडीचं कौतुक नव्हतं. त्र्यंबकेश्वरला देवळाच्या वाटेवर तिचं फुलांचं दुकान होतं. "तोंड तिचं नि बोलायचं तू. ह्याला काय काम म्हणायचं?" म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचे, पण लागायचं. पुढे काचबिंदूनं तिची नजर गेली. शेजारीण फोनवर मालिका लावून द्यायची, आई ऐकायची. तिच्यापुरती ती नटी उरलीच नाही, नुसती मी. तरी कौतुकाचा शब्द नाही.

यंदा त्या नटीनं मालिका सोडली, म्हणून लेखकांनी तिला दवाखान्यात मारलं. सकाळभर मी मरत होते. तिचा शेवटचा श्वास लांबलचक, माझा पुरेना. सहाव्या खेपेला जमलं. खुशीत घरी आले आणि आईला सांगून ठेवायचं साफ विसरले.

भाग आला त्या दुपारी शेजारणीचा फोन. "तुमची आई जेवत नाय, नुसती रडती. या लवकर." मिळेल ती बस पकडली. वाटभर स्वतःला शिव्या घातल्या.

आईनं आधी माझा चेहरा चाचपला, मग कान पिळला. "खोटं हाय ते ठाऊक व्हतं मला," ती म्हणाली. "पण लय खरी मेलीस गं. असं काम कुणालाबी जमायचं नाय."

चार वर्षं या एका शब्दाची वाट बघत होते. मला रडूच कोसळलं.

तिनं मीठ-मोहऱ्या मागितल्या, माझी दृष्ट काढली. मग दुसरी मूठ भरून घेतली.

"तिचा फोटो हाय का फोनात?"

मी फोटो लावून फोन पुढे धरला. तिनं डाव्या हातानं तो चाचपला आणि मूठ तीनदा ओवाळली.

"तीबी मेलीच की," आई म्हणाली. "तिकडं तिची कोण काढणार?"