सरांच्या पुस्तकाचा नववा फर्मा

काकूंचा अकोल्याहून फोन आला, तेव्हा मी अमरावतीत माझ्या छापखान्यात यंत्रावर कागद चढवत होतो. "हे गेले रे," एवढंच त्या म्हणाल्या. मनोहर सर गेले... आणि माझ्या तोंडून काय निघावं? "पुस्तकाचं काही म्हणाले का?" अशा वेळी असं कोणी विचारतं का? "ये तू आधी," म्हणून काकूंनी फोन ठेवला. आता महिना उलटला, पण तो प्रश्न आठवला की अजूनही माझी मलाच लाज वाटते.

सरांनी आम्हाला कॉलेजात वाणिज्य शिकवलं. जागतिक व्यापार आणि देशादेशांचं सत्ताकारण हा त्यांचा ध्यास. घरात इंग्रजी ग्रंथ इतके, की खुर्चीवरचा एखादा खंड उचलल्याशिवाय पाहुण्याला बसता येत नसे. निवृत्तीनंतर एकदा आम्ही दोघं अकोटला एका जिनिंगमध्ये बसलो होतो. कापूस घेऊन आलेल्या एकानं विचारलं, "मास्तर, भांडून राहिले तिकडचे देश, अन् माह्या कापसाचा भाव कावून पडते?" सरांनी तासभर समजावलं. परतताना एसटीत म्हणाले, "आठशे-आठशे पानांचे ग्रंथ वाचले गड्या, पण त्या माणसाले देता येईल असं एक पुस्तक नाई माह्याजवळ. आता मीच लिहितो."

लिहिलं, आणि झकास लिहिलं. एखाद्या देशावर घातलेले निर्बंध म्हणजे काय, हे त्यांनी गावानं वाळीत टाकलेल्या घराच्या गोष्टीतून सांगितलं होतं. त्या घरालाही मागच्या दारानं मीठ पोचतंच, हेसुद्धा! घोडं अडलं ते प्रुफांवर. पानं तयार झाली, की कुठेतरी आयातशुल्क चढायचं, नाहीतर समुद्रातली एखादी वाट बंद पडायची, आणि सर वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन अमरावतीत हजर. "हे पान आता खोटं झालं," म्हणायचे. मी वैतागून म्हणायचो, "सर, जग काही तुमच्या पुस्तकासाठी थांबणार नाही." "म्हणून तर पुस्तकानं थांबलं पायजे," हे त्यांचं उत्तर. अशी दोन वर्षं गेली. एका तावावर सोळा पानं छापतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. त्यातला नववा फर्मा मी अकरा वेळा बदलला.

शेवटच्या खेपेला सर भर उन्हात आले. टोपी घामानं भिजलेली, शर्टाच्या खिशात कात्रण. माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "सर, नववा फर्मा काल छापून झाला." कुठला छापला! शाईचा ठिपकासुद्धा पडला नव्हता. आता तरी हे गप्प बसतील, एवढाच विचार. सरांनी खिशाकडे नेलेला हात मागे घेतला. "झाला काय? बरं झालं," म्हणाले, पाणी प्यायले आणि बसस्टँडकडे निघाले. आपण गुरूशी खोटं बोललो, याचं तेव्हा काही वाटलं नाही. उलट सुटलो असंच वाटलं. त्यानंतर बाराव्या दिवशी ते गेले.

तेरवीची पंगत उठल्यावर काकूंनी मला सरांच्या टेबलापाशी नेलं. "तुयाकडून आल्यापासून हेच लिवत बसले होते. तुले द्याले सांगतलं." ते शुद्धिपत्र होतं, छापून झालेल्या पुस्तकात चिकटवण्यासाठी. नवव्या फर्म्यातल्या सात चुका, पान आणि ओळीसकट, सुवाच्य अक्षरात. खाली लिहिलं होतं, 'वरील सर्व चुका लेखकाच्या आहेत. मुद्रकाने आपले काम वेळेवर केले होते.'

मी तिथेच ढसाढसा रडलो. काकू पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना वाटलं, सरांच्या आठवणीनं रडतोय.

पुस्तक पुढच्या महिन्यात येईल. सातही दुरुस्त्या मजकुरातच घेतल्या आहेत, त्यामुळे शुद्धिपत्राची गरज उरली नाही. काकूंना खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही. पण हे छापून येतंय ती वर्तमानपत्राची पुरवणी त्या दर रविवारी वाचतात.