जावयाचं जेवण

मांजरी गावातल्या माझ्या माहेरच्या घरामागे, धुण्याच्या दगडाशेजारी, काळ्या प्लॅस्टिकच्या दोन टाक्या होत्या. एक मोठी, आणि तिच्यात उपडी घातलेली दुसरी. खालच्या टाकीत शिळंपाकं अन्न कुजायचं, त्याचा गॅस वरच्या टाकीत साठायचा आणि ती हळूहळू वर उचलली जायची. तिथून एक नळी खिडकीतून ओट्यावरच्या शेगडीपर्यंत आणलेली. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी पहिलं काम हे केलं. लग्नानंतर मी राहते त्या हडपसरच्या सोसायटीतही असा गॅस प्रकल्प आहे. त्याला फलक आहे, कुंपण आहे, उद्घाटनाचा फोटो आहे. गॅस तेवढा नाही. आबांच्या टाकीला फलक नव्हता, पण तिच्यावर रोज दोन वेळचा चहा आणि डाळ व्हायची.

आईला तिचा वास आवडायचा नाही. टाकीला रोज ठरल्या वेळी घालावं लागे. लिंबाची साल चालत नसे, जास्त झालं तर पोट बिघडे, कमी झालं तर गॅस रुसे. म्हणून आई तिला जावई म्हणायची. ‘जेवले का तुमचे जावई?’ असं ती आबांना विचारायची, आणि माझा नवरा, जो खरा जावई, तोही हसायचा. आबा मनावर घेत नसत. बादलीत शिळी भाकरी पाण्यात भिजवून हाताने कुस्करायचे, टाकीच्या तोंडाशी लावलेल्या पाइपातून ओतायचे आणि बादली स्वच्छ विसळून उपडी घालायचे.

मग आबांना विसर पडायला लागला. स्वारगेटला उतरून कुठं जायचं ते आठवेना, म्हणून तिथल्याच बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. माझ्या नवऱ्याला ‘आपण कोण?’ असं अदबीनं विचारू लागले. टाकीला मात्र ते विसरले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हाताला काम असू द्या, बरं असतं. आम्हाला हायसं वाटलं. निदान एक काम तरी त्यांच्याकडे शिल्लक होतं.

त्या पावसाळ्यानंतर गॅस जोरात येऊ लागला. डाळ-भात होऊन वर आंघोळीचं पाणीही तापे. वरची टाकी उचलली जाऊन काठापर्यंत यायची. नातेवाईक बघायला आले की आई पहिल्यांदाच कौतुकानं शेगडी पेटवून दाखवायची आणि निळी ज्योत बघून सगळे माना डोलवायचे. त्याच दिवसांत आबांची पँट कमरेवर थांबेना. आईनं आधी पट्ट्याला भोकं पाडली, नंतर नाडी बांधली. हडपसरला नेऊन रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. काही निघालं नाही. जेवतात का नीट, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई जरा रागानंच म्हणाली की ताट चाटूनपुसून परत येतं.

आबा दुपारचं जेवण मागच्या अंगणात, टाकीजवळच्या स्टुलावर बसून घ्यायचे. आईचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ती ताट देऊन आत येऊन बसे. एका रविवारी मी ओट्याशी उभी होते आणि खिडकीतून मला दिसलं. त्यांनी भाकरीचे तुकडे केले, भाजी त्यावर घेतली, भात कालवला, आणि सगळं बादलीत टाकलं. नेहमीसारखं कुस्करून ओतलं. मग ताट नळाखाली विसळलं.

मी बाहेर धावले. आबा, तुमचं जेवण, एवढंच मला बोलता आलं. ते माझ्याकडे बघून समजुतीनं म्हणाले, “जावयाला येळेवर लागतं गं. माझं काय, मी जेवलोय.”

आत शेगडीवर दूध तापत होतं. मी जाऊन ती बंद केली आणि आईला काय पाहिलं ते सांगितलं. आई भिंतीला टेकून बसली. मीच त्याला जावई म्हणायचे, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मला तिची कीव आली आणि रागही आला. कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी त्या टाकीवर काढला. नवऱ्याला बोलावलं आणि पाइपाचं तोंड तारेनं बंद करून टाकलं.

आबा तारेशी नखांनी झटत बसले. पाहुण्याला उपाशी ठेवलं म्हणून रडले. आम्ही भरवलेला घास गालात धरून ठेवायचे आणि पाठ फिरली की बादलीत काढायचे. शेवटी आईनंच तार सोडली. रोज त्यांच्यासमोर आधी साली आणि देठं टाकीत घालायची, मग सांगायची, त्याचं झालं बघा, आता तुम्ही बसा. काही दिवस ते चाललं. चार घास जायचे. नंतर त्यांनी तोंडच उघडलं नाही. दवाखान्यात सलाइन लावलं तरी ते हात नळीकडे नेऊन विचारायचे, हे कुणाचं आहे.

थंडीत ते गेले. अंत्यविधी आटोपून आम्ही परत आलो तेव्हा घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून शेजारच्यांनी रिवाजाप्रमाणे पिठलं-भात आणला. मागे वरची टाकी गॅसनं काठापर्यंत उचलून उभी होती. मी सगळ्यांना वाढलं. आईला भिंतीशी बसवलं, तिच्या हातात ताट दिलं, थोडं तरी खा म्हणाले, आणि पाहुण्यांना पाणी द्यायला गेले.

परत आले तर ती जागेवर नव्हती. मी मागे गेले. आबांच्या स्टुलावर बसून आई बादलीत हात घालून काहीतरी कुस्करत होती. तिनं ते ओतलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि ताट नळाखाली धरलं.

“आई, तू काही खाल्लंस का?” मी विचारलं.

तिनं ताट पालथं घालून झटकलं.

“जेवले मी,” ती म्हणाली.